बोगनवेलीचं पाणी

अमरावती,
ता. २६ जुलै १९३३, बुधवार

चि. सौ. चारुशीला हीस,

गोदावरीचे अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे मी बरी आहे. शाळा सुरू होऊन महिना झाला, यंदा माझ्याकडे चौथी दिली आहे. चि. कमलाकांतचा खोकला थांबला की नाही ते तू लिहिलं नाहीस. पावसाळा लागला की त्याला दहा-पंधरा दिवस खोकला असतोच, अगदी दोन वर्षांचा होता तेव्हापासून. अडुळशाचा रस मधातून द्यायचा, साखरेतून नाही. तुला ठाऊक असेलच म्हणा, आता तू आहेस करायला.

तुझं पत्र आलं. अक्षर मोत्यासारखं आहे असं कमला म्हणाला होता, ते खोटं नाही. मी सोळा वर्षं मुलींची अक्षरं तपासते आहे, त्यामुळे मला तुझा 'र' जरा आखूड वाटला, एवढंच. रागावू नकोस हं. आम्ही वऱ्हाडातली माणसं तोंडावर बोलतो. लग्नानंतर पहिल्यांदा तू इथे आलीस आणि मी सहज म्हटलं, "काहून उभी राहिलीस, बस ना," तर तुला वाटलं मी खेकसले, आणि तुझ्या डोळ्यांत पाणी. कमला मग दिवसभर मला सांगत बसला की अक्का, रत्नागिरीकडच्या माणसांशी जरा हळू बोलावं. सत्तावीस वर्षांत त्याने मला असं कधी सांगितलं नव्हतं. आता हसू येतं.

बोगनवेलीची फांदी तू भाऊबीजेला मागितली होतीस, देते देते म्हणता आषाढ उलटला. आज खुशालरावांच्या हाती दोन फांद्या पाठवते आहे. ते आमच्या शेजारचे, त्यांची अकोल्याला खेप असते. फांद्या ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आहेत, काटे आहेत, बेताने सोड.

आता लावायची कशी ते विचारलंस. आमच्याकडचं झाड दारावरून छपरावर गेलेलं तू पाहिलंच आहेस. वैशाखात रस्त्यावरची माणसं उभी राहून बघतात, सगळं जळालेलं असताना एवढा राणी रंग कुठून आला म्हणून. पण आमच्या झाडाची तशी आबाळच होते, मला शाळेपायी वेळ होत नाही. तुझ्याकडे तसं होऊ देऊ नकोस. विहिरीच्या ओट्यापाशी, जिथे सांडलेलं पाणी जातं तिथे लाव, म्हणजे कधी कोरडं पडणार नाही. सकाळ-संध्याकाळ दोन बादल्या पाणी, आणि दर महिन्याला पाटीभर शेणखत. ऊन फार लागू देऊ नकोस, तिथे निंबाची सावली आहे ती बरी. आणि कात्री मुळीच लावायची नाही. जेवढं वाढेल तेवढं वाढू दे.

दिवाळीत कमलाने घोस तोडून तुझ्या केसांत खोचला होता, ती गंमत झाली. पण हे केसांत घालायचं फूल नव्हे बरं. याला वास नाही, देवालाही कोणी वाहत नाही. तुला मोगरा, शेवंती, अबोली सगळं आहेच की.

जमुनाआत्यांना माझा सा. नमस्कार सांग. पत्र कमला त्यांना वाचून दाखवतोच, तेव्हा त्यांना ऐकू आलंच असेल. कमलाला आशीर्वाद. मधातून, साखरेतून नाही.

तुझी आईच्या जागी,
अक्का

*

अमरावती,
ता. ९ मार्च १९३५, शनिवार

चि. सौ. चारुशीला हीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पावलं. मुलींच्या परीक्षा जवळ आल्या, म्हणून उत्तराला आठ दिवस लागले.

वेल कमरेच्या वर गेली, पानं तळहाताएवढी झाली आणि फूल मात्र एक नाही, असं लिहिलंस. दुसरी फांदी कुजली तेही कळलं. मला नवलच वाटलं. आमच्याकडे दुसऱ्याच वर्षी दाराच्या चौकटीवर रंग चढला होता. पाणी कमी पडत असेल. अकोल्याचं ऊन म्हणजे काय सांगावं, तेव्हा दोनाच्या तीन बादल्या कर. शेणखतही वाढव. पाच जणांना विचारत बसू नकोस, जो तो वेगळं सांगतो आणि झाड मधल्या मध्ये मरतं.

आणि एवढं मनाला लावून घेऊ नये. एकेकाच्या हाताला गुण असतो, एकेकाच्या हाताला वेळ लागतो. आपण करत राहावं.

कमला संक्रांतीला येतो म्हणून आला नाही. तुला बरं नव्हतं असं त्याने लिहिलं. मी तिळाच्या वड्या केल्या होत्या, त्या शाळेत वाटल्या. त्याला काही कळवू नकोस, कामाच्या माणसाला उगाच रुखरुख नको. जमुनाआत्यांना नमस्कार.

तुझी आईच्या जागी,
अक्का

*

अमरावती,
ता. २० एप्रिल १९३६, सोमवार

चि. सौ. चारुशीला हीस,

आशीर्वाद. इकडलं तिकडलं क्षेम आज राहू दे. हे पत्र कमला कोर्टात गेल्यावर, आत्या पूजेला बसल्या की वाच. एकटी वाच.

तुझं पत्र शनिवारी आलं, कमलाचं त्याच्या दोन दिवस आधी. दोन्ही पुढ्यात ठेवली आहेत. कमलाने काय लिहिलं ते तुला माहीत नसेल, म्हणून सांगते. लग्नाला चार वर्षं झाली, घरात पाळणा हलला नाही, म्हणून आत्या मागे लागल्या आहेत. बाळापूरच्या केशवरावांची पुतणी सिंधू त्यांनी बघून ठेवली आहे, आणि या शुक्रवारी अक्षय्यतृतीयेला सुपारी फोडायला जायचं म्हणतात. कमलाचं मन होत नाही, पण आत्यांना उलट बोलण्याची त्याची छाती नाही. तो लिहितो, "अक्का, तू आईच्या जागी. तू हो म्हण किंवा नाही म्हण, तसं करतो. पण आत्या म्हणते ते अगदीच खोटं नाही वाटत. तिच्या हाताला गुणच नाही. तुझी फांदीच बघ ना, पानांनी माजली आणि तीन वर्षांत एक फूल नाही."

आणि तू लिहितेस, "वन्सं, माझ्या मनात कुणाविषयी काही नाही. आत्या म्हणतात ते मला झाडावरूनच पटलं. विहिरीचं पाणी तळाला गेलं आहे, म्हणून मी माझ्या अंघोळीतलं अर्धं पाणी त्याला घालते, तरी येत नाही. तुमची फांदी परत न्या. उपटायला माझा हात धजत नाही. नवी येईल तिच्या हाताने फुलेल."

चारू, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. मी तुला खोटं सांगितलं.

चुकून नाही. मला कळत होतं. मी काय लिहिते आहे आणि त्याचं काय होईल, ते त्या दिवशी दौत उघडतानाच मला पुरतं ठाऊक होतं.

शेंदूरजनाघाटला माझ्या मामांची संत्र्याची बाग होती. चैत्र निघाला की मामा मोट बंद करायचे. ताण देणं म्हणतात त्याला. महिना-दीड महिना बागेला थेंब मिळत नसे, पानं वळायची, गळायची. मग मृगाचं पाणी पडलं की अख्खी बाग पांढऱ्या फुलांनी भरायची. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. फाटकापाशी एक झाड होतं, त्याची मला फार दया यायची. सगळे जेवून पडले की मी दोन दोन कळशा नेऊन त्याला घालायची. ते झाड हिरवंगार राहिलं. मृगात सगळी बाग फुलली आणि ते एकटंच नुसतं पानांचं. मामा ओरडले नाहीत. म्हणाले, "गोदे, तू त्याले तहानच लागू देली नाही, मग ते कायले फुलते?"

त्याच साली माझं लग्न झालं आणि दोन वर्षांनी मी बाबांच्या घरी परत आले ती कायमची. पुढचं तुला ठाऊक आहे. कमला दोन वर्षांचा असताना आई गेली. मी तेरा वर्षांची, त्याला कडेवर घेऊन अभ्यास करायची.

बोगनवेलीचंही तेच असतं. कॅम्पातल्या एका बंगल्यावर सहदेव नावाचा माळी होता, त्याची मुलगी माझ्या वर्गात. त्याने मला फांदी आणून दिली आणि पहिलंच वाक्य बोलला ते हे की, "बाई, याले पानी दाखवू नका. तहानलं तवाच फुलते हे." माझ्या झाडाची आबाळ होत नाही चारू. मी ते मुद्दाम उपाशी ठेवते.

ते मी का लावलं, हेही आज सांगते. माझ्यासारखीने दारात मोगरा लावला असता तर चार बायकांनी विचारलं असतं, हा कुणासाठी. शेवंती लावली असती तरी तेच. या फुलाला वास नाही, वेणीत कोणी घालत नाही, देव घेत नाही. म्हणून कुणी काही बोललं नाही. एवढं रंगीत असून ते मला चाललं. तीस वर्षं मी पांढऱ्या लुगड्यात आहे, आणि दारावर तेवढा राणी रंग माझा होता. दुसऱ्या कुणाचा नव्हता.

आणि भाऊबीजेला कमलाने ओवाळणी घातली, अंगणात गेला, हात वर करून घोस तोडला आणि तुझ्या केसांत खोचला. तू लाजलीस. दोघं हसलात. मला हाक मारलीत, "अक्का, बघ ना कसं दिसतंय." मी म्हटलं छान दिसतंय, आणि आत जाऊन घासलेला तवा पुन्हा घासत बसले. तुझा राग आला असं म्हणणं कमी होईल. मला तू नको होतीस. तुला कुंकू होतं, फुलं होती, बांगड्या होत्या, माझा कमला होता, आणि वर ते एक फूलही तुझ्याच डोक्यात. मग संध्याकाळी तू माझ्याजवळ येऊन इतक्या गोड आवाजात म्हणालीस, "वन्सं, मला याची एक फांदी द्याल?" नाही म्हणता येईना. म्हणून दिली, आणि अशी दिली की ती तुझी होऊ नये.

तू कोकणातली. तिकडे पाऊस कोसळतो आणि तांबड्या मातीतून वाहून जातो. आमची काळी माती पाणी धरून बसते, हे तुला कोण सांगणार होतं? कमलाला बी आणि खडा सारखाच. मी सावली सांगितली, खत सांगितलं, विहिरीची ओल सांगितली. पानं फोफावतील आणि फूल येणार नाही, एवढं बघून सांगितलं. तू एक अक्षर इकडचं तिकडे न करता सगळं केलंस.

हाताच्या गुणाचं तरी आत्यांच्या डोक्यात कुठून आलं असेल? मीच लिहिलं होतं ते, गेल्या वर्षी, मार्चच्या पत्रात. माझी पत्रं कमला आत्यांना मोठ्याने वाचून दाखवतो, हे मला माहीत होतं. त्या स्वतः वाचत नाहीत, पण ऐकलेलं विसरत नाहीत. आता कमलाच्या पत्रात माझंच वाक्य मला परत आलं.

अजून एक आहे, ते लिहायला सकाळपासून टाळते आहे. कमलाचं पत्र वाचलं तेव्हा मला आनंद झाला. घटकाभरच, पण झाला. चार वर्षांनी त्याने पुन्हा मला विचारलं होतं, तू म्हणशील तसं करतो म्हणून. मी चहा केला आणि दारात झाडाखाली बसून ते पत्र तीनदा वाचलं. सिंधू आली तरी तीही त्याची बायकोच होणार, मला त्यातून काही मिळणार नव्हतं. तरी तू जाशील याचा आनंद होता.

मग तुझं पत्र आलं, आणि त्यात ते अंघोळीचं पाणी. एप्रिलात, अकोल्यात, तू अर्ध्या बादलीत अंग धुतेस आणि उरलेलं माझ्या खोट्याला घालतेस. मला कळशी घेऊन बागेत जाणारी ती नऊ वर्षांची पोर आठवली. तिला निदान कळत नव्हतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

प्रथम वाटलं, कमलाला नुसतं 'नाही' लिहावं. तो ऐकेल, सुपारी फुटणार नाही, कुणाला काही कळणारही नाही. पण तू जन्मभर तुझ्या हाताकडे बघत राहशील. मग वाटलं, त्याला सगळं लिहावं आणि ते पत्र तुझ्याच पाकिटात घालावं, द्यायचं की जाळायचं ते तू ठरव. तेही लिहून झालं होतं. पण म्हणजे पुन्हा मी तुलाच बादल्या उचलायला लावल्या असत्या.

म्हणून आज शाळेत जाताना कमलाचं पत्र मी स्वतः टपालात टाकलं. कोर्टाच्या पत्त्यावर. तुला लिहिलं ते सगळं त्यात आहे, भाऊबीजेपासून. मूल होणं न होणं कुणाच्या हातात नाही, आणि झाडाचा दाखला देशील तर तो दाखला माझ्याविरुद्ध आहे, असं लिहिलं आहे. माझं उत्तर 'नाही' आहे असंही स्पष्ट लिहिलं आहे. आणि नेहमीप्रमाणे ते आत्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं, एक ओळ न गाळता, असं बजावलं आहे. आत्या दोन दिवस जेवणार नाहीत. जेवतील तिसऱ्या दिवशी.

कमला यापुढे मला पत्र लिहील असं वाटत नाही. तो सहसा रागावत नाही, पण रागावला की गप्प होतो आणि ते फार दिवस टिकतं. तू त्याला समजवायला जाऊ नकोस. मला ते नको आहे. तुझ्याकडून तर नकोच.

आता वेलीचं. या वेळी खरं सांगते आहे, पण माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. अकोल्यात कुणाही जुन्या माळ्याला विचारून घे आणि मगच कर.

आजपासून पाणी तोड. ओट्यावरून जो ओघळ तिच्या मुळाशी जातो त्याला दगड-मातीचा बांध घालून दुसरीकडे वळव. खत बंद. निंबाच्या दोन खालच्या फांद्या उतरवून घे, दिवसभर ऊन आलं पाहिजे, तिला ऊन सोसतं. मग कात्री घे आणि ती वाढलेली लांबलचक हिरवी शेंडी गुडघ्यापर्यंत छाट. जिवावर येईल, पण छाट. कोवळं फुटेल त्याच्या टोकाला फूल असतं, जुन्या लाकडावर नाही. पानं माना टाकतील, वाळल्यासारखी दिसतील, तुला दया येईल. तेव्हा पाणी घालू नकोस. अगदीच वळली तर एक तांब्या, बस. पावसाळ्यात तिथे पाणी साचलं तर भोवती चर खणून बाहेर काढ. आणि छाटलेल्यातल्या बोटाएवढ्या जाड काड्या फेकू नकोस. वीतभर लांब कापून, मुरूम आणि विटांचे तुकडे घालून केलेल्या उंचवट्यावर, तिरप्या खोच. पालवी धरेपर्यंत थोडी ओल, पुढे काही नाही. ती झाडं पहिल्यापासून तुझी असतील. माझी फांदी म्हणून त्यांना कुणी बोलणार नाही.

कार्तिकापर्यंत फुलेल. फुललं की नीट जवळून बघ. रंग असतो तो फुलाचा नव्हे, पानांचा. खरं फूल आत असतं, पांढरं, मुगाच्या दाण्याएवढं. बहुतेकांच्या ते लक्षातच येत नाही. कमलाला खोचू दे केसांत. वास नसला तरी काय झालं?

फक्त फुललं म्हणून मला कळवू नकोस. तुझं भलं व्हावं असं मला मनापासून वाटतं, हे खरं आहे. पण तुझ्या दारावर तो रंग चढला असं वाचून मला आनंदच होईल, एवढी चांगली मी अजून झालेली नाही.

'आईच्या जागी' असं आज लिहवत नाही.

तुझी नणंद,
गोदावरी